फिक्स्ड रेट कॅश आयसा: खातं उघडताना आणि दुसऱ्या बँकेत नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या मराठी घरांत फेब्रुवारी संपत आला की आयसाची चर्चा सुरू होते. कुणाची दोन वर्षांची मुदत संपत असते, कुणी नुकतंच इथे आलेलं असतं, कुणाला दुसऱ्या बँकेचा दर चांगला दिसलेला असतो. मैत्रिणींनी आणि शेजाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत मला विचारलेले प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर जुना आयसा नवीन बँकेत कसा न्यायचा, तेवढा प्रश्न तरी वाचाच. लोकांचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं, आणि माझंही तिथेच झालं.

आयसा म्हणजे काय, आणि त्यात ‘फिक्स्ड रेट’ कशाला म्हणतात?

आयसा म्हणजे इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट. ब्रिटनमध्ये ही सोय ६ एप्रिल १९९९ पासून आहे. त्याआधी टेसा आणि पेप या नावांच्या योजना होत्या. आयसातल्या पैशांवर मिळणाऱ्या व्याजावर इथला आयकर लागत नाही आणि ते व्याज कर विवरणपत्रात दाखवावंही लागत नाही.

कॅश आयसाचे ढोबळ दोन प्रकार. एकात पैसे केव्हाही काढता येतात, पण बँक दर केव्हाही बदलू शकते. दुसऱ्यात एक, दोन, तीन किंवा पाच वर्षांसाठी दर ठरलेला असतो. तो फिक्स्ड रेट. आपल्याकडची एफडी डोळ्यांपुढे आणा आणि तिच्यावरचा कर वजा करा, की फिक्स्ड रेट आयसा बराचसा समजला.

हजार पौंडांपर्यंतचं व्याज तसंही करमुक्त आहे ना? मग आयसा कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येकासाठी सारखं नाही. एप्रिल २०१६ पासून पर्सनल सेव्हिंग्ज अलाउन्स आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला वर्षाला १,००० पौंड व्याज करमुक्त मिळतं, ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ५०० पौंड आणि सर्वांत वरच्या टप्प्यातल्याला काहीच नाही.

समजा, दर ४ टक्के आहे. तुमच्याकडे २०,००० पौंड असतील तर वर्षाचं व्याज ८०० पौंड. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साध्या खात्यातही त्यावर कर लागणार नाही. अशा वेळी साध्या मुदत ठेवीचा दर जास्त असेल, तर त्या वर्षापुरती तीच बरी. पण बचत ६०,००० झाली की व्याज २,४०० होतं. मग २० टक्केवाल्याला २८० पौंड कर बसतो आणि ४० टक्केवाल्याला ७६०. पगार ५०,२७० पौंडांच्या पुढे सरकला की ४० टक्क्यांचा टप्पा लागतो. आयटीत किंवा एनएचएसमध्ये काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांचा पगार चार-सहा वर्षांत तिथे पोहोचतो.

शिवाय एकदा आयसात गेलेला पैसा वर्षानुवर्षं करमुक्तच राहतो. आज गरज नाही म्हणून दहा वर्षं मर्यादा वाया घालवली, तर अकराव्या वर्षी ती परत मागता येत नाही. म्हणून दरातला फरक किरकोळ असेल, तर माझा कौल आयसालाच.

मी व्हिसावर आहे. मला आयसा उघडता येईल का?

येईल. नागरिकत्वाचा किंवा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, प्रश्नच येत नाही. तुम्ही करासाठी ब्रिटनचे रहिवासी असला पाहिजेत आणि वय १८ पूर्ण हवं. पूर्वी कॅश आयसा १६ व्या वर्षी उघडता यायचा, ते ६ एप्रिल २०२४ पासून बंद झालं.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या नावाने मात्र उघडता येत नाही, कारण ते इथले रहिवासी नसतात. त्यांचे पैसे आपल्या नावाने ठेवले, तर ते आपल्याच मर्यादेत धरले जातात आणि कायद्याने आपलेच होतात, हे आधी त्यांनाही नीट सांगा.

वर्षाला किती भरता येतात? २०,००० प्रत्येक खात्यात की सगळी मिळून?

सगळी मिळून. ६ एप्रिल ते पुढच्या ५ एप्रिलपर्यंत कॅश, शेअर्सवाला आणि लाइफटाइम (पहिल्या घरासाठी किंवा निवृत्तीसाठी असतो तो) असे सगळे आयसा धरून २०,००० पौंड. त्यातले लाइफटाइम आयसात जास्तीत जास्त ४,०००. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी असते, म्हणजे घरात दोघांची मिळून ४०,०००.

एका वर्षात एकाच कॅश आयसात पैसे भरायचे, हा जुना नियम ६ एप्रिल २०२४ पासून गेला. आता थोडे एका बँकेच्या एक वर्षाच्या आयसात आणि थोडे दुसरीच्या तीन वर्षांच्या आयसात टाकता येतात. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तो नियम पक्का बसलेला आहे आणि ते नव्यांना तोच सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

भारतात वर्ष ३१ मार्चला संपतं, इथे ५ एप्रिलला. ईस्टरची सुट्टी बरेचदा त्याच सुमारास येते. २०२६ मध्ये तर ५ एप्रिल म्हणजेच ईस्टरचा रविवार. शेवटच्या दिवसावर जाऊ नका. मार्चच्या मध्यापर्यंत पैसे खात्यात पोहोचलेले असू द्या. न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षात नेता येत नाही.

मर्यादा कमी होणार आहे, हे खरं का?

खरं आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाल्याप्रमाणे ६ एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालच्यांना कॅश आयसात वर्षाला १२,००० पौंडच भरता येतील. एकूण मर्यादा २०,००० चीच राहील, पण उरलेले ८,००० कॅशमध्ये ठेवता येणार नाहीत. ६५ आणि त्यापुढच्यांसाठी २०,००० कायम आहेत. तोपर्यंत साठवलेल्या पैशांना याने धक्का लागत नाही. त्याच एप्रिलपासून आयसाबाहेरच्या व्याजावरचा कर मात्र दोन टक्क्यांनी चढून २२, ४२ आणि ४७ टक्के होणार आहे. म्हणजे कॅश आयसात भरायची जागा आक्रसणार आणि त्याच वेळी त्या जागेची किंमत वाढणार.

उघडायला काय काय लागतं?

नॅशनल इन्शुरन्स नंबर, पत्ता, जन्मतारीख आणि तुमच्याच नावाचं इथलं चालू खातं. बहुतेक बँकांत सगळं ऑनलाइन पंधरा-वीस मिनिटांत होतं. नुकतेच आलेले असाल, तर पत्त्याची ऑनलाइन पडताळणी अडते, कारण मतदार यादीत किंवा क्रेडिटच्या नोंदीत अजून तुमचं नाव नसतं. मग पासपोर्ट किंवा बीआरपी या जुन्या व्हिसा कार्डाऐवजी आलेल्या ई-व्हिसाचा पुरावा आणि काउन्सिल टॅक्सचं बिल मागतात. इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मतदानाचा हक्क आहे, त्यामुळे मतदार यादीत नाव घाला. ते स्वतःसाठीही चांगलं आणि बँकेच्या पडताळणीलाही उपयोगी.

एक गोष्ट विचारून घ्या: खातं उघडल्यावर पैसे भरायला किती दिवस आहेत? फिक्स्ड रेट खात्यात ठरावीक दिवसांनंतर बहुधा नवीन पैसे घेत नाहीत. दर महिन्याला पगारातून थोडे थोडे टाकायचा बेत असेल, तर हे खातं त्यासाठी नाही.

दर बघताना कशाकडे लक्ष द्यायचं? किती वर्षांची मुदत घ्यावी?

तुलना एईआर (वर्षभराचा, चक्रवाढ धरून काढलेला दर) या आकड्याने करा. दरमहा व्याज देणारं आणि वर्षाने देणारं खातं त्यामुळे एकाच मापाने मोजता येतं. व्याज आयसातच जमा होऊ द्या. चालू खात्यात घेतलं की ते आयसाबाहेर पडलं. आत साचलेलं व्याज २०,००० च्या मर्यादेत मोजत नाहीत, त्यामुळे चक्रवाढीचा सगळा फायदा पदरात पडतो.

मुदतीबद्दल मी दराच्या अंदाजाआधी घरचं कॅलेंडर बघायला सांगते. घराचं डिपॉझिट कधी भरायचं आहे? मुलीचं विद्यापीठ कधी? आयएलआरची, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवानगीची, फी कधी? चार जणांच्या कुटुंबाला व्हिसाच्या फीचा आणि हेल्थ सरचार्जचा आकडा एका दमात भरावा लागतो आणि तो लहान नसतो. ते पैसे पाच वर्षांच्या आयसात अडकवून मग दंड भरून सोडवलेली घरं मी पाहिली आहेत. तीन ते सहा महिन्यांचा खर्च सहज काढता येईल अशा खात्यात ठेवा आणि राहिलेल्याचाच विचार मुदतीसाठी करा.

मुदतीआधी पैसे लागले तर?

साध्या फिक्स्ड रेट बाँडमध्ये बरेचदा मुदतीआधी पैसे मिळतच नाहीत. आयसाच्या नियमांत मात्र ही वाट पूर्ण बंद करता येत नाही. खातं मोडता येतं, पण व्याजाच्या रूपात दंड बसतो. एक वर्षाच्या खात्याला ९० दिवसांचं व्याज, जास्त मुदतीला १८० किंवा ३६५ दिवसांचं, असे आकडे नेहमी दिसतात. प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, म्हणून माहितीपत्रकात तो शोधा.

हा दंड मुद्दलातूनही जाऊ शकतो. २०,००० पौंड ४ टक्क्यांनी ठेवले, दंड १८० दिवसांच्या व्याजाचा आहे आणि तुम्ही ९० दिवसांतच खातं मोडलं, असं धरा. मिळालेलं व्याज सुमारे १९७ पौंड आणि दंड सुमारे ३९४. हातात येतात साधारण १९,८०३. काही बँका थोडी रक्कम काढू देत नाहीत, पूर्ण खातंच बंद करावं लागतं.

जुना आयसा नवीन बँकेत कसा न्यायचा?

पैशाला स्वतः हात लावायचा नाही. नवीन बँकेत आयसा उघडायचा, तिथला ‘आयसा ट्रान्सफर’ फॉर्म भरायचा आणि त्यात जुन्या बँकेचं नाव, खाते क्रमांक आणि सॉर्ट कोड द्यायचा. पुढचं काम दोन्ही बँका आपसांत करतात. जुन्या बँकेला फोन करून खातं बंद करायला सांगू नका.

थेट गाडीच्या तिकिटासारखं आहे हे. गाडी मार्ग बदलेल, डबे दुसऱ्या इंजिनाला जोडले जातील, तरी तुम्ही आत बसून आहात तोवर तिकीट चालतं. मधल्या स्टेशनवर उतरलात की तिकीट संपलं, आणि पुढच्या गाडीला नवीन काढावं लागतं.

मी उतरले होते. तीन वर्षांत साठलेले ३१,००० पौंड एका सहज काढता येणाऱ्या आयसात होते. दुसरीकडे दोन वर्षांचा चांगला दर दिसला, म्हणून ते सगळे चालू खात्यात काढले आणि तिथून नवीन आयसात भरायला गेले. २०,००० च्या पुढे एक पेनीही घेतली गेली नाही. ११,००० करमुक्त कवचाबाहेर राहिले. वर त्या वर्षाची माझी सगळी मर्यादा स्वतःचेच जुने पैसे परत भरण्यात संपली, त्यामुळे त्या वर्षाची नवी बचतही आत टाकता आली नाही. बँकेच्या पानावर पैसे काढायचं बटण मोठं होतं आणि धोक्याची सूचना कुठेच नव्हती. मी फोन केला, पत्र लिहिलं, पण काढलेले पैसे मागे नेता आले नाहीत. चूक झाली तेव्हा मला इथे येऊन सात वर्षं झाली होती आणि मला वाटत होतं, आपल्याला सगळं कळतं.

याला एकच अपवाद म्हणजे ‘फ्लेक्झिबल’ आयसा. त्यातून काढलेले पैसे त्याच कर वर्षात त्याच खात्यात, मर्यादा न वापरता परत भरता येतात. फिक्स्ड रेट खाती बहुतेक वेळा फ्लेक्झिबल नसतात, म्हणून त्यावर विसंबू नका.

फॉर्मवर एक छोटा चौकोन असतो: ट्रान्सफर लगेच हवा की मुदत संपल्यावर? जुनं खातंही फिक्स्ड असेल आणि घाईत ‘लगेच’वर खूण केली, तर मुदतीला पंधरा दिवस उरलेले असतानाही पूर्ण दंड कापला जाईल. तो चौकोन दोनदा वाचा.

दंड भरूनही ट्रान्सफर करणं कधी परवडतं?

कागद-पेन घेऊन बसा. ३०,००० पौंड ३ टक्क्यांनी अडकले आहेत, दहा महिने बाकी आहेत, नवीन दर ४.५ टक्के आणि दंड ९० दिवसांचा. दंड सुमारे २२२ पौंड. दहा महिन्यांत दीड टक्का जास्त म्हणजे ३७५. दीडशे पौंड हातात राहतात, तेव्हा जायला हरकत नाही. तेच पाच महिने उरले असते तर तोटा झाला असता.

ट्रान्सफरला किती दिवस लागतात? मधल्या काळात चांगला दर निसटला तर?

कॅश आयसातून कॅश आयसात १५ कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवं. इतर प्रकारांना ३० दिवस. त्याहून जास्त लागले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तिथे दाद लागली नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. त्याला फी नसते.

दर बहुतेक ठिकाणी खातं उघडल्या दिवसाचाच मिळतो, पण पैसे ठरावीक दिवसांत पोहोचले तरच. म्हणून फॉर्म खात्याबरोबरच भरून टाका. आणि ती बँक बाहेरून येणारे ट्रान्सफर घेते का, हे सर्वांत आधी बघा. सर्वांत वरचा दर देणाऱ्या काही खात्यांत फक्त नवे पैसे चालतात.

माझा ट्रान्सफर ‘माहिती जुळत नाही’ म्हणून परत आला. का?

आपल्या लोकांच्या बाबतीत याचं कारण बहुतेक वेळा नाव. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. एका बँकेत ते मधलं नाव म्हणून जातं, दुसरीत पहिल्याच नावाला चिकटतं, तिसरीत गाळलं जातं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं आणि जुन्या बँकेत माहेरचंच राहिलं, असंही होतं. त्यातच घर बदललेलं असतं आणि जुन्या बँकेला कळवलेलं नसतं. ट्रान्सफर सुरू करण्याआधी दोन्हीकडचं नाव आणि पत्ता अक्षर न अक्षर जुळवा. त्यात आठवडा गेला तरी चालेल, पण परत आलेला फॉर्म महिना खातो.

ट्रान्सफर केलेली रक्कम यंदाच्या २०,००० मध्ये धरतात का? थोडीच रक्कम नेता येते का?

मागच्या वर्षांचे पैसे मर्यादेत धरत नाहीत, मग ते ८०,००० असोत की दीड लाख. याच वर्षी भरलेले पैसे भरतानाच मोजले गेलेले असतात, ट्रान्सफरमुळे दुसऱ्यांदा मोजत नाहीत. एप्रिल २०२४ पासून चालू वर्षाचे पैसेही थोडे नेता येतात, पण दोन्ही बँकांनी तशी सोय दिलेली असली पाहिजे. फिक्स्ड खात्यातून बहुधा सगळेच न्यावे लागतात.

मुदत संपली आणि मी काहीच केलं नाही तर?

बँक आधी कळवते. तुम्ही उत्तर दिलं नाही, तर पैसे आयसातच राहतात, पण बरेचदा अगदी फुटकळ दराच्या खात्यात जातात. काही बँका आपणहून पुन्हा मुदतीत टाकतात. मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण फोनवर आजच लावून ठेवा.

जॉइंट आयसा काढता येतो का? नॉमिनी कसा लावायचा?

दोन्ही नाही. आयसा एकाच व्यक्तीच्या नावाने असतो आणि त्याला नॉमिनीची पद्धत नाही. भारतात प्रत्येक फॉर्मवर नॉमिनीचा रकाना भरायची सवय असल्याने इथेही तो कुठेतरी भरला असणार, असं लोक धरून चालतात. इथे मृत्युपत्र लागतं. ते नसेल तर कायद्याप्रमाणे वाटणी होते आणि घरच्यांना कागदपत्रांमागे धावावं लागतं, तेही दुःखाच्या दिवसांत.

पती किंवा पत्नी गेल्यावर मागे राहिलेल्याला एक जादा मर्यादा मिळते. ३ डिसेंबर २०१४ किंवा त्यानंतर मृत्यू झाला असेल आणि दोघं एकत्र राहत असतील, तर गेलेल्याच्या आयसात जितकी रक्कम होती तितकी, स्वतःच्या २०,००० शिवाय, आपल्या आयसात भरता येते. ही मर्यादा आपोआप लागू होत नाही, मागावी लागते. ज्यांना हे माहीत नसतं त्यांच्या हातून ती निसटते, म्हणून कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर त्यांना जरूर सांगा.

बँक बुडाली तर?

एफएससीएसचं, म्हणजे बँक बुडाल्यावर ठेवीदारांना भरपाई देणाऱ्या योजनेचं, संरक्षण १ डिसेंबर २०२५ पासून एका व्यक्तीला एका बँकेत १,२०,००० पौंडांपर्यंत आहे. त्याआधी ते ८५,००० होतं. आयसा आणि त्याच बँकेतली इतर खाती एकत्र धरतात. दोन वेगळ्या नावांच्या बँका एकाच परवान्याखाली असू शकतात, मग दोन्ही मिळून मर्यादा एकच. भारतीय बँकांच्या इथल्या उपकंपन्यांनाही हे संरक्षण असतं, पण खातं नेमकं कोणत्या कंपनीत उघडतोय ते तपासून घ्या.

भारतात परत गेलो तर आयसाचं काय?

खातं ठेवता येतं आणि ब्रिटनमध्ये ते करमुक्तच राहतं. ज्या कर वर्षात देश सोडला, त्यानंतर नवे पैसे मात्र भरता येत नाहीत. एका बँकेतून दुसरीकडे ट्रान्सफर नियमाने चालतो, पण परदेशी पत्ता असलेला ग्राहक नवीन बँक घेईलच असं नाही. तेव्हा किती मुदतीचं खातं ठेवायचं, ते देश सोडण्याआधीच ठरवा.

भारताच्या आयकराला आयसा ठाऊक नाही. तुम्ही तिथे पूर्ण रहिवासी झालात की या व्याजावर तिथे कर लागतो, आणि ब्रिटनमध्ये कर भरलेलाच नसल्याने वजावटही मिळत नाही. बराच काळ बाहेर राहून परतणाऱ्यांना सुरुवातीची साधारण दोन-तीन वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण अजून पूर्ण नाही) हा दर्जा मिळतो. तेवढ्या काळात परदेशी व्याजावर भारतात कर नसतो. तीन वर्षांचा फिक्स्ड आयसा निघताना घेतलात, तर त्याचं व्याज कोणत्या वर्षी जमा होतंय ते या दर्जाशी ताडून बघा. पूर्ण रहिवासी झाल्यावर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, हे खातं दाखवणं बंधनकारक आहे, व्याज कितीही थोडं असलं तरी.

आणि उलट? भारतातलं पीपीएफ इथे करमुक्त धरतात का?

नाही. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनच्या रहिवाशाला ते परदेशी उत्पन्न म्हणून इथे दाखवावं लागतं. ६ एप्रिल २०२५ पासून एक सवलत आहे: आधीची सलग दहा वर्षं ब्रिटनचे रहिवासी नसलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर कर माफ होऊ शकतो. ती विवरणपत्रातून मागावी लागते, आणि मागितली की त्या वर्षाचा पर्सनल अलाउन्स, म्हणजे उत्पन्नाचा करमुक्त भाग, जातो. पीपीएफचं व्याज थोडं असेल तर हा सौदा तोट्याचा पडतो. अनिवासी झाल्यावर नवीन पीपीएफ खातं काढता येत नाही. आधीचं असेल ते मुदतीपर्यंत चालवता येतं. ते चालू असेल तर एप्रिलमध्ये त्याचं पासबुक भरून घ्या आणि इथल्या विवरणपत्राच्या फाइलला लावून ठेवा.